गव्हाण, गाय आणि गडी : इस्राएलमधील गोठ्याचे अंतरंग

कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. शनिवारी घाणा बंद राही, म्हणून ते नाव पडले. परंतु घाण्यातून वस्तू दोन निघत, तेल आणि पेंड, आणि यांतील दुसरीचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच केला जातो. तेल माणसांकडे जाई, पेंड गुरांकडे. घाणा ओढणारा बैलही त्याच पेंडीवर पोसला जाई. तेव्हा गुराच्या मुखात काय गेले असता त्यापासून काय निपजते, ही विद्या आपल्या समाजास अगदीच परकी नव्हती. इस्राएलात आल्यावर मात्र आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध कारखाना, बंदर, इस्पितळ वा कचेरी यांच्याशी आला. दिमोना, येरुहाम, बेरशेबा, अश्दोद, लोद येथील आपल्या कुटुंबांतून गोठ्याकडे वळलेली माणसे थोडी. प्रस्तुत लेखक त्या थोड्यांपैकी एक असून, नेगेवच्या उत्तर भागातील गोठ्यांत त्याने आयुष्याची बरीच वर्षे घालविली आहेत. आज आपली काही तरुण मुले, हातांची टंचाई असल्याने, या कामाविषयी चौकशी करू लागली आहेत. त्यांच्यासाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिले आहे.

मुंबईत ज्यांनी तबेले पाहिले, किंवा १९४९ साली स्थापन झालेल्या आरे वसाहतीतील म्हशींच्या रांगा पाहिल्या, त्यांनी ते चित्र क्षणभर बाजूस ठेवावे. येथील गाय दावणीला बांधलेली नसते. उंच छपराखाली, कोरड्या शेणमातीच्या मऊ थरावर ती मोकळी हिंडते, मोकळी बसते. ती कुरणात चरावयास जात नाही, कारण कुरणच नाही. हिवाळ्यातील चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने ऊन अशा या देशात गाईला चारा आणून द्यावा लागतो, तिने चाऱ्याकडे जावयाचे नसते. आणि तरीही वर्षाकाठी सरासरी सुमारे १२,००० लिटर दूध देणारी ही गाय जगातील अग्रगण्य दुभत्या गाईंत गणली जाते. सुरुवातीच्या वसाहतकारांनी १९२० च्या सुमारास दमास्कसकडील गाईंचा डच वळूंशी संकर केला. पुढे अमेरिकेतील होल्स्टाइन रक्त त्यात मिसळले व पिढ्यान्‌पिढ्या नोंदवह्या ठेवून निवड होत गेली. गुरांसाठी सहकारी वैद्यकीय सेवा देणारी ‘हाखलाईत’ ही संस्था १९१९ पासून आहे, आणि ‘तनुवा’ १९२६ पासून. म्हणजे राज्य स्थापन होण्यापूर्वीच गोठा सुसंघटित झाला होता.

गोठे दोन प्रकारचे. किबुत्सचा गोठा, ज्याला हिब्रूत ‘रेफेत’ म्हणतात, तो शेकडो गाईंचा असतो. काही ठिकाणी दोन-तीन किबुत्सांनी आपले गोठे एकत्र केले असल्याने संख्या हजाराच्या घरात जाते. मोशावमधील गोठा कुटुंबाचा असून तेथे पन्नास, सत्तर, शंभर गाई असतात. किबुत्सात व्यवस्थापक नेमलेला असतो, मोशावात बापलेक हेच व्यवस्थापक व हेच गडी. या भेदाचा परिणाम कामगारांच्या वागणुकीवर कसा होतो, ते पुढे येईलच.

प्रथम चाऱ्याकडे वळू, कारण दुधाच्या उत्पादनखर्चातील अर्ध्याहून अधिक वाटा एकट्या चाऱ्याचा असतो.

गाईच्या पोटाचा पहिला कप्पा, ज्याला आपल्याकडे कोटीपोट म्हणतात, तो एक मोठा रांजणच होय. त्यात असंख्य सूक्ष्म जीव वास करतात. गवत आपल्याला पचत नाही ते त्यांना पचते, आणि त्यांनी पचविलेल्यावर गाय जगते. खरे पाहता आपण गाईला चारीत नसून त्या जीवांना चारीत असतो. ते जीव दोन जातींचे समजावेत, तंतू फोडणारे आणि पिष्ट फोडणारे. तंतुमय वैरण गाय रवंथ करून बारीक करते, त्या वेळी लाळ भरपूर सुटते, व ती लाळ पोटातील आम्ल शमविते. मका, जव यांचे भरड मात्र झटपट आंबते व आम्ल वाढविते. दूध हवे तर भरड हवेच, पण भरड अति झाले की रांजण नासतो. सारे चारावयाचे शास्त्र या दोहोंमधील तोल सांभाळण्यात आहे, आणि इस्राएलात तो तोल अधिकच अवघड, कारण जमीन व पाणी यांच्या टंचाईमुळे वैरण कमी. येथील दुभत्या गाईच्या आहारात वैरणीचा वाटा कोरड्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांशच असतो. युरोपातील शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटते.

वैरणीत मुख्य म्हणजे गव्हाचा मुरघास. नोव्हेंबर-डिसेंबरात पावसाच्या भरवशावर पेरलेला गहू दाणा पक्व होण्यापूर्वीच, मार्च-एप्रिलात, हिरवा कापतात, त्याचे तुकडे करून काँक्रीटच्या हौदात घालतात, ट्रॅक्टर फिरवून दाबतात व प्लॅस्टिकने झाकतात. हवा न शिरल्यास तो वर्षभर टिकतो. त्याला आंबूस, किंचित गोडसर वास येतो. हा वास बिघडला तर अनुभवी गड्याला हौदापासून वीस पावलांवर कळते. उन्हाळ्यात मक्याचाही मुरघास करतात, पण मक्याला पाणी द्यावे लागते. याखेरीज वाटाणावर्गीय वैरणीचे वाळलेले गठ्ठे, ओटचे गवत, आणि मग उद्योगांचे उरलेसुरले. संत्र्यामोसंब्यांचा रस काढल्यावर राहिलेली साले, सरकी, मद्यनिर्मितीतील चोथा, सोयाबीनची पेंड. आपल्या आजोबांच्या घाण्याची पेंड येथे जहाजांतून येते, एवढाच फरक! मका आणि सोयाबीन बहुतांशी परदेशचे असल्याने बंदर बंद पडले किंवा डॉलर वधारला की गोठ्यातील हिशेब उलटापालटा होतो.

हे सर्व जिन्नस वेगवेगळे टाकले तर गाय गोड ते निवडते व काडी ठेवते. म्हणून ते एकत्र कालवून देतात. या मिश्रणाला हिब्रूत ‘बलील’ म्हणतात. आंबोण आणि वैरण एकाच घासात, असे त्याचे स्वरूप. मोशावातील छोट्या गोठ्यांना हे मिश्रण विभागीय चाराकेंद्रातून तयार मिळते, पहाटे गाडी येऊन गव्हाणीत ओतून जाते. मोठे गोठे स्वतःची कालवण्याची गाडी ठेवतात. तिच्या आत मोठे पाते फिरत असते आणि बाहेर वजनाचा काटा असतो. जिन्नस कोणत्या क्रमाने घालावयाचे, किती मिनिटे फिरवावयाचे, हे ठरलेले असते. थोडे फिरविले तर लांब काड्या राहतात व गाय त्या बाजूला सारते. अधिक फिरविले तर पीठ होते, रवंथ थांबते, लाळ थांबते. गाडी चालविणाऱ्या माणसाच्या हाती गाईचे पोट असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तथापि ज्या गोठ्यांत मी गेलो, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी या कामावर नवखाच माणूस बसविलेला आढळला. धार काढणाराला कसब लागते आणि गाडी चालविणाराला फक्त परवाना, असा समज! माझ्या मते हा समज पूर्णतः उलटा आहे.

एक उदाहरण देतो. ४० लिटर दूध देणारी गाय दिवसाला सुमारे २५ किलो कोरडा आहार खाते, पाणी शंभर लिटरहून अधिक पिते. ‘कोरडा’ हा शब्द महत्त्वाचा. मुरघासात पाणी असते, आणि ते रोज सारखे नसते. समजा कागदावर गाईमागे २० किलो मुरघास लिहिला आहे आणि त्यात कोरडा अंश ३५ टक्के आहे; म्हणजे गाईला ७ किलो मिळाले. हिवाळ्यात हौदाचे तोंड पावसाने भिजले, कोरडा अंश ३० टक्क्यांवर उतरला. आता त्याच २० किलोंत ६ किलोच राहिले. काटा तोच आकडा दाखवितो, गाडीवाल्याने काही चुकविले नाही, आणि तरीही शंभर गाईंच्या कळपात १०० किलो वैरण कमी गेली, व भरडाचा वाटा आपोआप वाढला. चार दिवसांत दुधातील स्निग्धांश घसरतो. दुधाचा भाव येथे स्निग्धांश, प्रथिने व शुद्धता यांवर ठरत असल्याने नुकसान थेट खिशाला. मुरघास मुठीत पिळून पाहणारा, ‘आज हा ओला आहे’ असे वेळीच सांगणारा गडी जर तुमच्याकडे असेल तर त्याला सांभाळून ठेवावे.

माझ्या पाहण्यातील एका गोठ्यात याच्या उलट घडले. गाडीचा काटा कित्येक दिवस मधूनमधून अडकत असे. गाडीवाल्या मुलाने, तो परदेशातून आलेला व हिब्रू जेमतेम समजणारा, ते एकदा सांगून पाहिले. त्याला ‘अंदाजाने घाल’ असे उत्तर मिळाले. एके दिवशी काटा हलला नाही, म्हणून मक्याचे भरड दुसऱ्यांदा पडले. दुपारी गाई गव्हाणीपासून दूर उभ्या, रवंथ नाही, शेण पातळ व फेसाळ. रात्री पशुवैद्य आला. बहुतेक गाई वाचल्या, परंतु तीन दगावल्या, आणि सहा-सात आठवड्यांनी कित्येकींचे खूर दुखू लागले, कारण आम्लतेचा तडाखा खुरांवर उशिरा उमटतो. व्यवस्थापकाने त्या मुलाला सर्वांदेखत फैलावर घेतले व नुकसान पगारातून कापण्याची धमकी दिली. अर्थात कायद्याने असे मन मानेल तसे पैसे कापता येत नाहीत, पण ते त्या मुलाला कोण सांगणार? काटा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. ते मात्र उशिराचे शहाणपण होते. पुढील वर्षभर त्या गोठ्यातील एकाही गड्याने आपण होऊन कोणतीच चूक सांगितली नाही. टाकीत प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध गेले तरी ते दूधगाडीच्या तपासणीतच उघडकीस यावे, अशी स्थिती आली. आणि तशी एक टाकी खरोखरच ओतून द्यावी लागली.

दुसऱ्या एका गोठ्यात, जेथे मी अधिक काळ होतो, तेथील रीत निराळी होती. गाडीच्या दारावर एक पाटी होती व तीवर जिन्नसांची चित्रे: सरकी, मका, गवताचा गठ्ठा. चित्रापुढे आकडा. वाचता न येणाराही चुकणार नाही. गाडीवाला दर सकाळी गव्हाणीत काय उरले ते पाहून लिही. शंभर किलोंमागे तीन ते पाच किलो उरावयास हवेत, मुळीच उरले नाही तर गाय उपाशी राहिली असे समजावे. चुकीचे वजन पडले तर त्याने तत्काळ गाडी थांबवून हाक मारावयाची, आणि हाक मारल्याबद्दल त्याला कोणी रागवावयाचे नाही, हा तेथील एकमेव कडक नियम. एकदा अशीच गाडीभर बलील बिघडली. ती दुभत्या गाईंना न देता चार दिवस थोडी थोडी मुरघासात मिसळून वाढत्या कालवडींना घातली गेली. खर्च काही शेकेल.

आता धार काढण्याविषयी. किबुत्सात दिवसातून तीन वेळा, मोशावात दोन किंवा तीन वेळा धार निघते. तीन वेळांचा अर्थ असा की एक पाळी मध्यरात्रीच्या आसपास असते. पहिल्या चार धारा हाताने काढून पाहणे, सड पुसून कोरडे करणे, सुमारे एका मिनिटाने यंत्राचे पेले लावणे, शेवटी सड औषधात बुडविणे. सांगावयास चार ओळी, पण पहाटे तीन वाजता, तीनशेव्या गाईपाशी, हे चारही टप्पे तितक्याच निष्ठेने करणारा माणूस मिळणे दुर्मीळ. पुसणे वगळले की दगडीचा रोग कळपात शिरतो. आपल्या बोलीत ‘पान्हा चोरणे’ असा सुरेख शब्दप्रयोग आहे. गाय खरोखरच पान्हा चोरते. ओरडणारा, काठी मारणारा माणूस समोर आला की तिच्या रक्तात भीतीचे द्रव्य उतरते आणि दूध कासेतच राहते. म्हणून शांत स्वभावाचा गडी हा केवळ चांगला माणूस नव्हे, तो अधिक लिटर देणारा गडी होय. १९७० च्या दशकात अफिकीम या किबुत्सात दूध मोजणारे इलेक्ट्रॉनिक मापक तयार झाले, त्यानंतर गाईच्या पायातील पाऊलमापकही आले. माजावर आलेली गाय अधिक हिंडते, ते संगणकाला कळते. आज व्यवस्थापकास पडद्यावर सारे दिसते. मात्र कोणत्या पाळीत कोणता माणूस असताना दूध कमी येते, हे पडद्यावर असूनही पुष्कळजण पाहत नाहीत.

उन्हाळा हा येथील मोठा शत्रू. उष्णतेने गाय खाणे कमी करते, आणि खाणे कमी झाले की दूध कमी, गाभण राहण्याचे प्रमाणही कमी. उपाय असा: गाईंना गोळा करून सुमारे अर्धा मिनिट पाण्याने भिजवावयाचे, मग साडेचार मिनिटे मोठ्या पंख्यांचा वारा द्यावयाचा, पुन्हा भिजवावयाचे, असे अर्धा-पाऊण तास, दिवसातून अनेक वेळा. ताजी बलील संध्याकाळच्या गारव्यात टाकतात. या सर्वांसाठी माणूस हवा, तोही ऑगस्टच्या भर दुपारी. गाईला पंखा आहे. गड्याच्या विश्रांतीच्या खोलीत तो आहे की नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी प्रथम पाहत असे.

गडी कोण? पूर्वी किबुत्सचे सभासद व स्वयंसेवक असत. पुढे रशियन बोलणारे, इथिओपियाहून आलेले, बेदुइन शेजारी, थाई मजूर व शेतीचे शिक्षण घेण्यास आलेले विद्यार्थी आले. १९५१ च्या कायद्यान्वये प्रत्येकास आठवड्यातून सलग ३६ तासांची विश्रांती मिळावयास हवी. ज्यूस ती शब्बाथसह, इतरांस शुक्रवार, शनिवार वा रविवार आपल्या प्रथेप्रमाणे. ठरलेल्या तासांपलीकडील पहिल्या दोन तासांस सव्वापट, पुढे दीडपट वेतन. आपल्या मुलांनी हे आकडे पाठ करावेत. मोशावातील कुटुंबाच्या गोठ्यात ‘तू घरचाच’ म्हणून जेवणाचे ताट मिळते, ते प्रेमाचेच असते, परंतु हजेरीचा कागद मात्र तेथे हमखास मागे पडतो.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझालगतच्या वस्त्यांवर जे संकट कोसळले, त्यात गोठ्यांतील व शेतांतील ही परदेशी माणसेही सापडली. अलुमीम या धार्मिक किबुत्सात शिकावयास आलेले १० नेपाळी विद्यार्थी मारले गेले. अनेक थाई मजूर ठार झाले, अनेक ओलीस नेले गेले. गाई मात्र तेथेच होत्या, कासा भरलेल्या. पुढील दिवसांत देशाच्या अन्य भागांतील दुग्धव्यावसायिक, तोफांचा आवाज चालू असताना, सैन्याच्या परवानगीने तेथे धार काढावयास गेले. त्यानंतर हजारो थाई मायदेशी परतले आणि पॅलेस्टिनी मजुरांचे येणे थांबले. श्रीलंका, मलावी येथून नवे लोक आले. आजची हातांची टंचाई ही त्या दिवसापासूनची आहे.

शब्बाथचा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात असणारच. घाणा शनिवारी थांबविता येत असे, कास थांबविता येत नाही. न पिळलेल्या कासेने गाय तळमळते, म्हणून प्राण्याच्या क्लेशनिवारणासाठी धर्मज्ञांनी वाट काढली. आरंभीच्या धार्मिक वसाहतींत शब्बाथचे दूध जमिनीवर सोडून देत. पुढे यंत्र आल्यावर घड्याळाने आपोआप सुरू होणाऱ्या योजना निघाल्या. अनेक गोठ्यांत त्या दिवशी ज्यूएतर गडी धार काढतात. तेथे पाळ्यांची वाटणी न्यायाने व्हावी, कारण सगळे शनिवार एकाच माणसाच्या वाट्यास आले की तो टिकत नाही. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दुप्पट बलील कालवून ठेवण्याचीही रीत आहे, पण उन्हाळ्यात ती तापते व गाय तोंड लावीत नाही. कामावर लागण्यापूर्वी आपल्या खाखामास विचारून घ्यावे.

पेसाहचा प्रश्न अधिक बारीक आहे. गहू, जव, कोंडा, मद्याचा चोथा हे गोठ्यातही हामेस ठरू शकते, आणि हामेसपासून त्या आठवड्यात लाभही घेता येत नाही. म्हणून चाराकेंद्रे सणापूर्वी मका व ज्वारी यांवर आधारलेली बलील तयार करतात. परंतु कोटीपोटातील जीव एका रात्रीत बदलत नाहीत. त्यांना दहा-पंधरा दिवस लागतात. जो व्यवस्थापक सणाच्या आदल्या दिवशी एकदम बलील बदलतो, त्याच्या गाई सेदेरच्या रात्री खात नाहीत. पुरीमच्या सुमारासच बदल आरंभावा, व सणानंतर परतही तसेच, पायरीपायरीने यावे. शेमामध्ये गुरांच्या गवताचा उल्लेख माणसाच्या तृप्तीच्या आधी येतो, आणि त्यावरून जनावरांना घातल्यावाचून आपण जेवावयास बसू नये असा नियम विद्वानांनी काढला, हे आपण जाणतोच. गोठ्यात तो नियम दररोज पाळला जातो, कारण पहाटेचा चहासुद्धा गव्हाण भरल्यानंतरच मिळतो.

जो तरुण कामास लागू इच्छितो त्याने पगार विचारण्यापूर्वी पहाटे पाच वाजता गोठा पाहावा. गव्हाणीत काल उरलेले काय आहे. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करीत आहेत की नाहीत. माणूस जवळ गेला असता गाय हुंगते की दचकून उठते. गाडीचा काटा चालतो का. मग गड्यांच्या खोलीत डोकवावे आणि पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला आहे की व्यवस्थापकाच्या खिशात, ते विचारावे.